रुमालाखालचा भाव

मराठीच्या वर्गात ‘भाव’ हा शब्द निघाला की विद्यार्थ्यांचे लक्ष आपोआप भरतमुनीकडे जाते. स्थायीभाव, विभाव, अनुभाव अशी मालिका फळ्यावर उतरते आणि तास संपतो. परंतु आमचे निम्मे विद्यार्थी ज्या गावांतून पुण्यात शिकायला येतात, त्या गावांत हाच शब्द रोज सकाळी निराळ्या काळजीने उच्चारला जातो. कांद्याला काय भाव निघाला, टोमॅटोचा भाव पडला की टिकला, हे तेथले प्रश्न. मनातील वृत्ती आणि मालाची किंमत या दोन्हींसाठी एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या भाषेने या दोहोंत काही नाते पाहिले असावे काय, असा विचार आमच्या मनात वरचेवर येतो. ‘सौदा’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द मराठीत व्यवहारापुरता राहिला. उर्दू कवितेत मात्र सौदा म्हणजे वेडही, आणि या दोन अर्थांवर उर्दू कवींनी मनसोक्त कोट्या केल्या आहेत.

अप्पा बळवंत चौकातील दुकानांत व्यवस्थापनावरची जी मराठी पुस्तके हारीने मांडलेली असतात, त्यांत सौद्याच्या कलेला ‘वाटाघाटींचे कौशल्य’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. वाटाघाटी हा मूळचा राजकारणातला, वकिलांचा आणि तहनाम्यांचा शब्द. बाजाराचे शब्द निराळे: घासाघीस, ओढाताण, भाव पाडणे, सौदा पटवणे, गिऱ्हाईक फिरवणे. पुस्तकांतील कौशल्य हे बोलण्याचे कौशल्य आहे. समोरच्याचे ऐकावे कसे, आपला आकडा आधी सांगावा की नंतर, नकार गोड कसा करावा, असा सारा तो उपदेश. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या मुलुखातील सौद्याचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते, ती ही की मोठे सौदे येथे शतकानुशतके मुक्याने झाले.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. दख्खनमधील हिऱ्यांच्या खाणींवर व्यापारी सौदा कसा करतात, हे त्याने त्यात बारकाईने लिहून ठेवले आहे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात. त्यांतला एक आपला कमरबंद सोडतो, हातावर हात येतो आणि वर ते वस्त्र पसरले जाते. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत ओळख नाही. सबंध पंजा धरला म्हणजे हजार. पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर. मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट धरले तर पन्नास, नुसते टोक दाबले तर दहा. आजूबाजूला माणसे बसलेली असतात, त्यांना माल कितीला गेला याचा पत्ता लागत नाही. एकच खडा त्याच बैठकीत चारदा हात बदलला तरी इतरांना त्याची किंमत कळत नाही. त्याच्याही दीडशे वर्षे आधी, सोळाव्या शतकाच्या आरंभी, वार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या दलालांचे असेच वर्णन केले आहे. म्हणजे ही रीत एका गावाची किंवा एका जातीची नव्हे. अरबी समुद्राच्या काठावरून ती पार दख्खनच्या आतपर्यंत पसरली होती.

मराठीत बोटांच्या भाषेला ‘करपल्लवी’ हा फार सुंदर शब्द आहे. जुन्या काव्यव्यवहारात तो प्रेमिकांच्या आणि चतुर दासींच्या संदर्भात येतो, म्हणून आम्ही तो रसिकतेने शिकवतो. रुमालाखालची करपल्लवी मात्र आमच्या अभ्यासक्रमात कधी आली नाही. तीच गोष्ट ‘नंदभाषे’ची. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द सापडतो आणि दलाल-सराफांची ही सांकेतिक भाषा कशी होती, याचे नमुनेही तेथे मिळतात. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. दुकानाच्या गादीवर बसलेला मालक गुमास्त्याला गिऱ्हाइकादेखत सांगू शकत होता की हा माल ‘मुळू’ला सोड, आणि गिऱ्हाईक आठ मोजून समाधानाने घरी जात असे. भाषाविज्ञानाच्या पेपरात ‘गुप्त बोली’ या सदराखाली आपण याची नोंद करतो, विद्यार्थी दोन उदाहरणे पाठ करतात आणि पाच गुण मिळवतात. ही बोली कोणापासून गुप्त ठेवायची होती, हा प्रश्न मात्र पेपरात नसतो.

ज्याच्याकडे माल होता त्याच्यापासून आणि ज्याला तो हवा होता त्याच्यापासून, असे त्याचे सरळ उत्तर आहे. हिऱ्यांच्या बाजारात रुमालाखाली दोन व्यापाऱ्यांचे हात असत, म्हणजे गुप्तता दोघांनाही सारखीच उपयोगी होती. धान्याच्या, कापसाच्या, गुळाच्या बाजारात ही रीत आली तेव्हा चित्र पालटले. तेथे रुमालाखाली एक हात खरेदीदाराचा किंवा त्याच्या दलालाचा असे आणि दुसरा अडत्याचा. ज्याने वर्षभर राबून माल पिकवला, तो शेतकरी आपल्याच पोत्यांशेजारी उभा राहून एका हलणाऱ्या कापडाकडे पाहत असे. कापडाखाली काय ठरले हे त्याला अडत्या सांगेल तेव्हा आणि अडत्या सांगेल तेवढेच कळणार. हा अडत्या नावाने शेतकऱ्याचा माणूस. परंतु पेरणीच्या वेळी ‘उचल’ त्यानेच दिलेली, आणि खरेदीदाराशी त्याचा रोजचा संबंध. शेतकऱ्याशी मात्र हंगामापुरता. त्याचे मन कोणीकडे झुकत असेल, हे सांगायला मानसशास्त्र नको.

याहून बेरकी रीत म्हणजे ‘मोघम’ विक्री. भाव न ठरवताच माल द्यायचा. बाजार पाहून पुढे लावू, अशा बोलीवर. ‘मोघम’ हा शब्द आपण आज विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर शेरा म्हणून लिहितो, पण बाजारात तो विक्रीच्या एका प्रकाराचे नावच होता. आणि भाव ठरला तरी त्यातून वजा होणाऱ्या बाबींची शब्दसंपदा वेगळी: अडत, दलाली, हमाली, तोलाई, मापाई, कडता, नमुना, धर्मादाय. नमुना म्हणजे पाहण्यासाठी घेतलेले मूठभर धान्य. ते परत पोत्यात जात नाही. धर्मादाय म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाने व्यापाऱ्याच्या नावे झालेले पुण्य. आम्हांला या यादीतील हा शब्द सर्वांत वाचनीय वाटतो.

पेशवाईत पुण्याच्या बाजाराला काही चौकट होती, हे येथे नोंदवले पाहिजे. पेठेपेठेला शेटे-महाजन होते, कोतवालाकडे वजनमापांची आणि ‘निरखा’ची म्हणजे बाजारभावाची देखरेख होती. ही व्यवस्था न्यायाची होती असा गोड गैरसमज करून घेण्याचे कारण नाही. घाशीराम कोतवालाच्या शहरात तो टिकणारही नाही. मात्र भाव ही चारचौघांत जाहीर व्हायची गोष्ट आहे, ही कल्पना त्या ‘निरख’ शब्दात होती. देहूच्या तुकोबांच्या घराण्याकडे अशीच महाजनकी होती. पेठ, हाट, माप, भांडवल, नफा-तोटा या शब्दांवर त्यांची जी हुकमत दिसते ती घरच्या धंद्यातून आलेली. आणि महीपतींनी सांगितलेल्या कथांतले तुकोबा धंद्यात पुरते फसतात, कारण समोरच्याचा शब्द ते खरा मानतात. या कथांना आपण वैराग्याच्या कथा म्हणतो. घासाघीस न येणाऱ्या माणसाचे बाजारात काय होते, याच्याही त्या कथा आहेत.

सौद्याचे तंत्र मराठी साहित्यात पहिल्यांदा उघडे करून दाखवले ते मात्र पुण्यातच, आणि तेही एका नाटकात. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. धार्मिक शोषणाचे नाटक म्हणून ते शिकवले जाते आणि तसे ते आहेच. परंतु त्याचा पहिला भाग विक्रीचा प्रवेश म्हणून वाचून पाहावा, असे आम्ही सुचवू. नवरा घरात नसताना जोशी कुणब्याच्या दारात येतो. बायको गर्भार आहे हे त्याच्या लक्षात येते. त्याच्यापाशी विकायला वस्तू कोणतीच नाही, म्हणून तो आधी गरज निर्माण करतो: ग्रह वाईट आहेत, मुलावर संकट आहे. ती घाबरली हे दिसताच तो लगेच किंमत सांगत नाही, तो थांबतो. तिच्या तोंडून उपाय काय हा प्रश्न निघेपर्यंत तो तिला भीतीबरोबर एकटे ठेवतो. नंतरचा आकडा ती नवऱ्याला पटवते. म्हणजे जोश्याची विक्री तीच पुढे चालवते. नवरा कर्ज काढतो. आणि या साऱ्या काळात विदूषक बाजूला उभा राहून प्रेक्षकांना जोश्याच्या प्रत्येक वाक्याचा खरा अर्थ सांगत राहतो. रुमाल उचलून खालची बोटे दाखवण्याचेच काम हा विदूषक करतो, असे म्हटले तर नाटकाच्या रचनेवर आम्ही अन्याय करत नाही.

ट्वर्स्की आणि काहनमन यांनी १९७४ साली दाखवून दिले की आधी कानावर पडलेला आकडा, मग तो कितीही निरर्थक असो, माणसाच्या पुढच्या अंदाजाला आपल्याकडे खेचून घेतो. आज तो प्रत्येक विक्रेत्याच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. फुल्यांच्या जोश्याला तो प्रशिक्षणाविना ठाऊक होता, कारण त्याचा पहिला आकडा पैशांत नव्हताच. तो मुलाच्या जिवाचा होता. त्यापुढे कोणतीही दक्षिणा स्वस्तच.

फुले या विषयावर अधिकाराने लिहू शकत होते, हे आपण विसरतो. ते स्वतः व्यावसायिक होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा वाटा होता, खडकवासला धरणाच्या कामाला माल पुरविण्याचा मक्ता त्यांनी घेतला होता, मांजरीला त्यांची शेती होती. सरकारी बांधकाम खात्यात बिल कसे अडते आणि कशाने सुटते, हे त्यांनी अनुभवले होते. १८६९ सालच्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘ब्राह्मणांचे कसब’ असे आहे. त्यातला ‘कसब’ हा शब्द आम्हांला नेमका वाटतो. कौशल्य म्हटले की ते निर्दोष आणि शिकण्याजोगे वाटते. कसब म्हटले की ते कोणावर चालवले गेले, हा प्रश्न येतोच.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या दंग्यांत माणसांना इजा तुलनेने थोडी झाली. लोकांनी मागितले आणि जाळले ते कर्जरोखे आणि वह्या. ज्या मजकुरावर आपला अंगठा आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, तो मजकूर जाळणे हा साहित्याच्या अभ्यासकांनी विचार करावा असा प्रकार आहे. १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून थोडा दिलासा देणारा कायदा झाला. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी सावकार, कोर्ट, कारकून आणि शहराच्या नाक्यावरची जकात यांची साखळी दाखवली आहे. तिच्या प्रत्येक कडीपाशी शेतकऱ्याशी बोलणारा माणूस त्याच्याहून अधिक जाणतो, आणि ते जाणणे हाच त्याचा धंदा असतो.

तोवर पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात विकली जात होती. १८८६ साली मंडईची गॉथिक वळणाची इमारत उभी राहिली आणि तिला लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. विनोदाच्या बादशहाला यातला विनोद दिसला नसेल असे वाटत नाही.

योगायोगाचा भाग असा की १८८६ हेच वर्ष वऱ्हाडातील कारंजाच्या कापूस बाजाराचे आहे. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. ब्रिटिश सरकारला लँकेशायरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस ठरल्या भावाने हवा होता, शेतकऱ्याचा कळवळा हे त्याचे मूळ कारण नव्हे. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा. १९२८ साली शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, १९३९ साली मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजारांचा सर्वसाधारण कायदा झाला, आणि १९६३ साली महाराष्ट्राचा. वर्षांची ही जंत्री कोणालाही रुक्ष वाटेल. परंतु राज्याच्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत एक तरतूद आहे जी आम्ही वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो. शेतमालाचा भाव गुप्त खुणांनी किंवा गुप्त बोलीने ठरवता कामा नये, असा तिचा आशय आहे. सरकारने एका भाषेवर घातलेली ही बंदी आहे, आणि ती योग्य होती असे आमचे स्पष्ट मत आहे. करपल्लवी गेली, नंदभाषा विस्मरणात गेली. एक बोली मेली याचे हळहळणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. ज्यांच्यावर ती चालवली गेली त्यांच्या नातवंडांना हळहळ का वाटावी?

पुण्याचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. उघड लिलावात आकडे मोठ्याने बोलले जातात, ते शेतकऱ्याच्या कानावर पडतात. ताव्हेर्नियेच्या रुमालापासून येथवर येणे हे लहान अंतर नाही.

याच शतकभरात शहरात निराळीच गोष्ट घडत होती. ‘एकच भाव’ अशी पाटी लावणारी दुकाने पुण्याच्या मध्यमवर्गाला आवडू लागली. युरोपात सतराव्या शतकातील क्वेकर व्यापाऱ्यांनी घासाघीस नाकारली ती ती असत्य बोलायला लावते म्हणून. आणि १८५२ पासून पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानात बूसिको यांनी ठरलेल्या किमतींचा पायंडा पाडला तो धंदा वाढतो म्हणून. पुण्यात या दोन्ही कारणांचे मिश्रण दिसते, शिवाय बोलणे वाचते हे तिसरे, अस्सल स्थानिक कारण. लक्ष्मी रस्त्यावर पाटी वाचून मुकाट्याने पैसे मोजणारा प्राध्यापक मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी मात्र आपले सारे वक्तृत्व पणाला लावतो, हे आपण सर्व जाणतो. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

१९८१ साली फिशर आणि युरी या हार्वर्डच्या अभ्यासकांनी वाटाघाटींवर जे पुस्तक लिहिले, त्यातला एक विचार पुढे जगभर प्रमाण मानला गेला. तुमची ताकद तुमच्या बोलण्यात नसते, सौदा मोडला तर तुमच्यापाशी दुसरे काय आहे यात असते, असा तो विचार. दारात आलेल्या जोश्याला परत पाठवण्यासाठी कुणब्याच्या बायकोपाशी दुसरे काय होते? फुल्यांचे उत्तर नाटकाच्या शेवटी येते: नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. अज्ञानाने झालेला सौदा ज्ञानाने मोडता येतो, अशी एकोणिसाव्या शतकाची श्रद्धा त्यात आहे आणि जोश्यापुरती ती खरीही आहे. लिलावात भाव स्वतःच्या कानाने ऐकणाऱ्या शेतकऱ्यापुढचा पेच निराळा आहे. त्याला सारे ऐकू येते, सारे समजते. पण भाव पटला नाही म्हणून कांदा गाडीत भरून परत न्यायचा तर भाडे दुप्पट, आणि नेलेला कांदा घरी थांबत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला कायद्याने मिळाला आहे. तो वापरण्याची सोय मात्र गोदामे, रस्ते आणि हातातला पैसा यांच्याकडे आहे.

२०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, चर्चा झाल्या, बाजार पुन्हा सुरू झाले. अडत हा शब्द शेतकऱ्याच्या पट्टीवरून निघून जावा, ही मागणी किती जुनी होती हे वरच्या यादीवरून कळेल.

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव उघड लिलावात निघाला: किलोला १ रुपया. अडत्याने दिलेली हिशेबपट्टी वर्तमानपत्रांनी छापली. तिच्यात गुप्त काही नव्हते. वाहतूक, हमाली, तोलाई, सारे शब्द मराठीत आणि वाचता येण्याजोगे. एकूण ५१२ रुपये, वजावट ५०९ रुपये ५१ पैसे, शिल्लक २ रुपये ४९ पैसे. पैसे कापून २ रुपयांचा धनादेश त्याच्या हाती देण्यात आला, तोही पुढच्या तारखेचा.